चार मिनिटांचे गाणे, दोन तासांच्या गप्पा

पुणे,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तराला उशीर का झाला याचे कारण तू स्वतःच त्या पत्रात लिहून ठेवले आहेस. रात्रीची जेवणे आटोपली की मी यूट्यूबवर रॉकवाल्यांच्या लांबलचक मुलाखती पाहत बसतो, ही तक्रार आमच्या घरातून फोनवरून तुझ्यापर्यंत पोहोचली आणि तू लगेच हिशेब मांडलास, की चार मिनिटांच्या गाण्याबद्दल ऐंशीला टेकलेल्या एखाद्या गृहस्थाच्या दोन तासांच्या गप्पा ऐकण्यापेक्षा तेवढ्या वेळात तेच गाणे तीस वेळा ऐकून होईल. हिशेब चोख आहे. पण मला तो पटलेला नाही, आणि का पटलेला नाही हे सविस्तर लिहिल्याशिवाय तू गप्प बसणार नाहीस, म्हणून हे लांब पत्र.

वसतिगृहातले आपले दिवस आठव. आपल्यापर्यंत जी गाणी यायची ती कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली, तिसऱ्या-चौथ्या हातची. आतल्या कागदावर कुणीतरी बॉलपेनने नावे लिहिलेली आणि त्यांतली निम्मी चुकीची. कुणी काय वाजवले, कुठे वाजवले, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसे आणि ती उणीव आपण थापांनी भरून काढत असू. ‘पिंक फ्लॉइड’ या बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याने ‘कम्फर्टेबली नम’ या गाण्याच्या शेवटचे गिटारवादन डोळे मिटून एका दमात वाजवले आणि गिटार खाली ठेवून तो एक शब्दही न बोलता स्टुडिओबाहेर निघून गेला, ही कथा तू मला गच्चीवर इतक्या ठामपणे सांगितली होतीस की पुढची तीस वर्षे मी ती इतरांना सांगत आलो. आता तरी कबूल कर, ती तुझ्या मनचीच होती ना?

खरी हकीकत गिल्मोरने वेळोवेळी मुलाखतींत सांगितली आहे आणि ती मला तुझ्या कथेहून अधिक आवडली. १९७९ च्या ‘द वॉल’ या अल्बमसाठी त्याने त्या जागी पाच-सहा वेळा निरनिराळे वादन मुद्रित केले, मग एकेक वादन ऐकत कागदावर तक्ता आखला, जमलेल्या जागांवर बरोबरच्या खुणा केल्या, फसलेल्या जागांवर फुल्या मारल्या, आणि मिक्सिंग करताना एका ट्रॅकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली तर दुसऱ्याचा वर करत सगळ्या चांगल्या जागा एका ओघात जोडून घेतल्या. आपण ज्याला एका श्वासातला उद्गार समजत होतो, ते निगुतीने केलेले शिवणकाम होते. हे कळल्यावर मी ते वादन पुन्हा ऐकले, टाका कुठे दिसतो का ते शोधत, आणि मला एकही दिसला नाही. माहितीने गाण्यातले गूढ जाते असे तू लिहितोस. माझ्या बाबतीत ते गेले नाही, त्याची जागा तेवढी बदलली: पूर्वी ते मला गिल्मोरच्या बोटांत वाटायचे, आता त्याच्या कानात वाटते, कारण सहांतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणारा कानही त्याचाच.

या नादाला मला लावले ते यूट्यूबवर अशा मुलाखती घेणाऱ्या रिक बिआटो या अमेरिकन गृहस्थाने. १९६२ चा जन्म, जॅझचे रीतसर शिक्षण, काही काळ महाविद्यालयात अध्यापन, मग निर्माता म्हणून बरीच वर्षे स्टुडिओत काम. त्यामुळे समोर ‘द पोलीस’ या बँडचा गायक स्टिंग बसलेला असो की गिल्मोर, हा माणूस भांडणे, नशापाणी आणि घटस्फोट यांच्या वाटेला फारसा जातच नाही. त्या प्रश्नांची उत्तरे या मंडळींना पन्नास वर्षांत पाठ झाली आहेत. बिआटो विचारतो, की हा स्वर कोणत्या तारेवर घेतला, अ‍ॅम्प्लिफायर कोणता होता, दुसऱ्या कडव्यात बेस गिटार अर्धी मात्रा उशिरा का येतो. तेव्हा समोरचा माणूस क्षणभर थांबतो, डाव्या हाताची बोटे हवेतच हलवून पाहतो आणि मग बोलू लागतो. आधी बोटांना आठवते, तोंडाला नंतर. तो क्षण पाहण्यासाठी मी दोन तास खुशाल बसतो. मैफल संपल्यावर मागच्या खोलीत एखाद्या जाणकाराने ‘बुवा, ती जागा कुठून आणलीत?’ असे विचारावे आणि बुवांनी चहाचा कप बाजूला ठेवून ती जागा पुन्हा गाऊन दाखवावी, त्याच जातीचा हा आनंद आहे.

आता तुझ्या लाडक्या ‘द पोलीस’कडे येतो. १९८० साली हे तिघे मुंबईत वाजवून गेले आणि आपण तेव्हा शाळेत होतो, याचे दुःख तू अजून विसरलेला नाहीस हे मला माहीत आहे. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे गाणे तू झेरॉक्स केलेल्या पुस्तकातला साधा ए मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचा ठरलेला स्वरसमूह, धरून वाजवायचास आणि ते काही केल्या त्या गाण्यासारखे वाजत नसे. आपण दोष तुझ्या स्वस्त गिटारला द्यायचो. दोष कॉर्डचा होता. त्यांचा गिटारवादक अँडी समर्स तिथे भरगच्च कॉर्ड छेडत नाही, तो एकेक स्वर सुटा वाजवतो: आपल्या भाषेत सांगायचे तर सा, मग पंचम, आणि मग एकदम तार सप्तकातला रिषभ, ज्यासाठी बोटे चांगलीच फाकवावी लागतात. गंधार नंतर येतो, आणि तोवर गाणे आनंदाचे आहे की दुःखाचे हे कळतच नाही. त्या काळात समर्स बार्टोक या हंगेरियन संगीतकाराची दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेली छोटी युगुलवादने गिटारवर वाजवत असे आणि हे बोटवळण तिथून आले, असे तो सांगतो. स्टिंगने त्याला ‘जा आणि हे आपलेसे कर’ एवढेच सांगितले आणि पहिल्याच फेरीत ते मुद्रित झाले, हेही तोच सांगतो. गाण्यावर गीतकार-संगीतकार म्हणून नाव मात्र एकट्या स्टिंगचे आहे. या तिघांच्या मुलाखती लागोपाठ पाहून बघ; घटना त्याच, माणसेही तीच, पण वजन प्रत्येकाच्या सांगण्यात वेगळ्या ठिकाणी पडते, आणि एका घरातल्या वाटणीबद्दल तीन भावांचे म्हणणे ऐकत असल्यासारखे वाटते. रॉयल्टीच्या पैशांचा हा वाद यंदा लंडनच्या न्यायालयात पोहोचला आहे, तेव्हा माझी उपमा फार दूरची नाही.

स्टिंगबद्दल मात्र माझे मत या मुलाखतींनी बदलले. तो मला नेहमी थोडा शिष्ट वाटायचा. २०२१ मध्ये बिआटोशी बोलताना त्याने खंत व्यक्त केली, की आजच्या गाण्यांतून ‘ब्रिज’ नाहीसा होत चालला आहे. दोन-तीन कडवी झाली की गाणे वेगळ्याच सुरावटीकडे वळते तो भाग म्हणजे ब्रिज, आणि स्टिंगच्या मते तो एक उपचार असतो: कडव्यांत माणूस आपले दुखणे सांगतो आणि ब्रिजमध्ये त्याला बाहेर पडायची वाट दिसते. हे ऐकल्यापासून मी जुनी गाणी काढून त्यांच्यातला ब्रिज शोधत बसतो, आणि घरच्यांच्या तक्रारीचे मूळ खरे तर तिथे आहे.

वस्तूंच्या गोष्टीही मला तितक्याच आवडतात. ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने आपल्या वडिलांबरोबर १९६३ मध्ये घरीच गिटार बनवायला घेतली, तिची दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या आणि दांडीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. ‘क्वीन’चे नाव निघाले की आपण फक्त पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्या गायकाबद्दल, फ्रेडी मर्क्युरीबद्दल, अभिमानाने बोलतो, या गुंड्यांबद्दल मला कुणी कधी सांगितले नव्हते. ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तर सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला, आणि त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणे केली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. पुढे बोटांना सोपे जावे म्हणून त्याने तारा हलक्या घेतल्या, नंतर सूरही खाली उतरवले, आणि ज्या खर्जातल्या घरघरीला जग हेवी मेटल म्हणते तिच्यात या दुखऱ्या बोटांचाही वाटा आहे. हे सांगताना तो आवाज जराही चढवत नाही.

सगळेच असे भरीव नसते. नवा अल्बम यायचा असला की तीच माणसे आठवडाभरात दहा ठिकाणी तेच किस्से सांगतात, आणि बिआटोसुद्धा कधी कधी इतका भारावून जातो की प्रश्न विचारायचा सोडून स्वतःच उत्तर देतो. अशा वेळी मी व्हिडिओ पुढे ढकलतो. पण कीथ जॅरेटची २०२३ ची मुलाखत पुढे ढकलू नकोस. तो रॉकवाला नव्हे, जॅझचा पियानोवादक; २०१८ मध्ये त्याला पक्षाघाताचे दोन झटके आले आणि डावा हात गेला. स्वतःच्या घरी पियानोसमोर बसून तो एकट्या उजव्या हाताने वाजवतो आणि बिआटो, एकदाचा, गप्प राहतो.

एक गोष्ट राहिली. आपल्या त्या निवडक गाण्यांच्या कॅसेटवर गिल्मोरचे शेवटचे वादन मध्येच तुटायचे, कारण बाजू संपायची. मग उरलेला शेवट आपण तोंडाने पुरा करायचो, तू एक आणि मी वेगळाच. मूळ अल्बम हाती आल्यावर कळले, की तिथेही ते संपत नाही, आवाज हळूहळू विरत जातो. गिल्मोरच्या २०२४ च्या अल्बमच्या वेळी त्याच्या तरुण निर्मात्याने त्याला विचारले म्हणे, की तुझी गाणी सगळी अशी विरतच का जातात, एखादे नीट संपत का नाही? गिल्मोर हे कौतुकाने सांगतो. म्हणजे आपल्या कॅसेटमुळे आपण शेवटाला मुकलो नव्हतो. जानेवारीत येशील तेव्हा गिटार घेऊन ये. तुझा शेवट मला अजून पाठ आहे, माझा तुला आठवतो का ते पाहू.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
खोलीतला जुना भागीदार