नळी बारीक करण्याची मजुरी किसाच्या वजनावर ठरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रायफलची जाड नळी लेथवर धरून बारीक, निमुळती करून देण्यासाठी बंदूक कारागीर अवाच्या सवा मजुरी सांगतात, अशी तक्रार नेमबाजांमध्ये वरचेवर ऐकू येते. बाहेरचे थोडे पोलाद उतरवायचे, त्याला एवढे पैसे कशाला, असे विचारले जाते. मीही कित्येक वर्षे हेच म्हणत आलो. एक चांगली नळी स्वस्तातल्या कामात हातची गेली, तेव्हा ही मजुरी नेमकी कशाची असते हे मला कळले. इतरांची नळी तरी वाचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नळी बारीक करण्याची गरज खोटी नाही. ६५० मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर व्यासाची आणि ७.६२ मिलिमीटर बोअरची (गोळी जाते त्या आतल्या भोकाची) सरळ पोलादी नळी सुमारे ३.४ किलो भरते. तीच तोंडाकडे २० मिलिमीटरपर्यंत सरळ निमुळती केली, तर वजन २.३ किलोच्या आसपास येते. ३०० मीटर स्टँडर्ड रायफल या प्रकारात संपूर्ण रायफल ५.५ किलोच्या आत बसवावी लागते. तिथे एक किलो कमी होणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या खेळाडूलाच विचारावे. मात्र नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. त्यामुळे जिथे ३० चे २० मिलिमीटर झाले, तिथे तो मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर येतो, आणि अशी नळी काही गोळ्यांतच तापते. वजनाच्या बदल्यात आपण काय देत आहोत, हे काम कारागिराकडे देण्यापूर्वीच ठरवायला हवे.

आता लेथवरचे काम पाहू. नळी दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये, धरतात, आणि ती बाहेरच्या पृष्ठभागाच्या नव्हे तर आतल्या बोअरच्या आधाराने फिरली पाहिजे. नाहीतर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. एवढी लांब आणि सडपातळ वस्तू कापणाऱ्या टूलच्या दाबाने मधोमध वाकते, थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. म्हणून स्टेडीचा, म्हणजे नळीला मधे धरणाऱ्या चौकटीचा, आधार द्यायचा आणि काप हलके घ्यायचे. एका कापात व्यास एक मिलिमीटरने कमी करायचा, दर फेऱ्याला टूल ०.१ मिलिमीटर सरकवायचे आणि मिनिटाला ४०० फेरे ठेवायचे म्हटले, तर पूर्ण लांबीच्या एका कापाला सोळा मिनिटे लागतात. तोंडापाशी असे दहा काप हवेत. त्यात नळी ४० अंशांनी तापली की ०.३ मिलिमीटरने लांबते. टेलस्टॉक (लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार) वेळीच सैल केला नाही, तर वाढायला जागा नसल्याने ती कमानीसारखी वाकते आणि टूल त्या वाकलेल्या अंगावरच चालत राहते. जाणता कारागीर म्हणूनच मध्ये थांबतो, नळी निवू देतो, मोजतो आणि पुन्हा सुरू करतो. आपल्याला हा वेळ रिकामा वाटतो. खरे काम याच वेळात होत असते.

माझी नळी बिघडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. बोअरमध्ये रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा पाडण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. बारीक धारेने थोडे थोडे खरवडून पाडलेल्या खाचांच्या नळीत ताण फारसा उरत नाही. बटन पद्धतीत मात्र बोअरपेक्षा किंचित मोठे, अतिशय कठीण बटन नळीतून ओढतात किंवा ढकलतात; धातू कापला न जाता दाबला जातो आणि तो दाब नळीच्या अंगात राहतो. योग्य उष्णता देऊन तो ताण आधी काढलेला नसेल आणि आपण बाहेरचा थर उतरवला, तर आतले बोअर मोकळे होऊन रुंदावते, आणि जिथे जास्त पोलाद काढले तिथे, म्हणजे नेमके तोंडाकडे, जास्त रुंदावते. माझी नळी बटन पद्धतीची होती. ज्याने काम केले त्याने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

नळी घरी आली तेव्हा दिसायला सुंदर होती. रेंजवर गोळ्यांचा गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पसारा) पूर्वीच्या दुपटीहून मोठा पडू लागला. शेवटी एका ज्येष्ठ कारागिराने तेल लावलेली मऊ शिशाची गोळी मागून सळईने हळूहळू ढकलली आणि सळई माझ्या हातात दिली. सुरुवातीला एकसारखा, घट्ट अडसर जाणवत होता; शेवटच्या चार बोटांच्या अंतरात सळई आपसूक सरकली. रुंदावलेले बोअर पुन्हा आवळता येत नाही.

याखेरीज इतर कामे असतातच: नळी ॲक्शनमधून (रायफलच्या बोल्ट असलेल्या भागातून) काढणे, परत बसवून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस टेकते ती जागा यांमधले अंतर) तपासणे, क्राउन म्हणजे तोंडाची कडा नव्याने कापणे, पॉलिश, ब्ल्यूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर). दस्त्याची (रायफलच्या लाकडी किंवा तत्सम अंगाची) खाच जाड नळीसाठी कोरलेली असते. बारीक नळीभोवती तिथे फट राहते, आणि तो खर्च तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. जिथे प्रूफचा, म्हणजे जादा दाबाच्या काडतुसाने नळीची मजबुती तपासण्याचा, कायदा आहे तिथे नळी कमजोर होईल इतका धातू काढल्यावर ती पुन्हा प्रूफ चाचणीला द्यावी लागते, त्याचे शुल्क निराळे.

यात कारागिरांचीही चूक आहे, आणि ती मी झाकू इच्छित नाही. ‘सगळे मिळून इतके होतील’ असा एकच आकडा तोंडी सांगितला की गिऱ्हाईकाला तो लुटीसारखा वाटतो आणि ते अर्ध्या पैशांत काम करून देणाऱ्याकडे वळते. माझी विनंती आहे की, प्रत्येक कारागिराने काम हाती घेण्यापूर्वी लेखी दरपत्रक द्यावे आणि त्यात तपासणी, टर्निंग, क्राउन, ब्ल्यूइंग, दस्त्याचे काम व प्रूफ यांची मजुरी वेगवेगळी दाखवावी. नळी कोणत्या पद्धतीने बनली आहे हे लिहावे. आणि काम बिघडल्यास जबाबदारी कोणाची, तेही लिहावे. त्या कागदाशेजारी हव्या त्या आकाराच्या तयार नळीची किंमत ठेवून पाहिली, तर पुष्कळदा नवी नळी घेणेच परवडते, आणि प्रामाणिक कारागीर ते स्वतःहून सांगतो.

त्या ज्येष्ठ कारागिराकडे मी पुढे माझी दुसरी नळी घेऊन गेलो. त्यांनी ती मोजली, बनवणाऱ्याकडे चौकशी केली आणि हिला हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. तपासणीचे पैसे त्यांनी घेतले, आणि मी ते आनंदाने दिले. ती जाड नळी आजही माझ्या रायफलवर आहे.

आपला नम्र,
एक रायफल नेमबाज