दार कुणासाठी उघडायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झोंबीकथांवरचा, म्हणजे मेलेली माणसं उठून जिवंतांना चावतात आणि चावलेलेही तसेच होतात अशा कथांवरचा, लेख वाचला. 'जीव वाचवायचा तर नीतिमत्ता गुंडाळून ठेवावी लागते, हेच या कथा सांगतात' हे त्यातलं मत मला अजिबात पटलं नाही. माझ्याकडे शिकवणीला येणारी कॉलेजची मुलंही तेच बोलतात, म्हणून लिहिते आहे.

'ट्रेन टू बुसान' (२०१६) हा कोरियन सिनेमाच घ्या. गाडीत एका आजीला जागा देणाऱ्या मुलीला बाप समजावतो, अशा वेळी फक्त स्वतःचं बघायचं. पुढे तोच बाप काही जणांसोबत झोंबींनी भरलेले डबे पार करून सुरक्षित डब्याशी पोहोचतो, तर आतली माणसं दार धरून बसतात. कसेबसे आत आलेल्यांनाही लागणीच्या भीतीने बाहेर काढतात. पण बहिणीला गमावलेली एक म्हातारी आतून दुसरं दार उघडते आणि तो 'सुरक्षित' डबा जवळजवळ सगळाच बळी पडतो. यातून मुलांनी स्वार्थ जगवतो असा अर्थ काढावा, याचं मला वाईट वाटतं. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ च्या झोंबी सिनेमात तर रात्रभर तग धरलेल्या नायकाला सकाळी बंदूकधारी माणसंच झोंबी समजून गोळी घालतात.

प्रत्येक बंद दार पाप असतं असं मी म्हणत नाही. चावा लपवून आत शिरणारा सगळ्यांना मारतो, त्याला अडवायलाच हवं. कोरोनात ताप लपवणारे आपण पाहिले. आणि गल्लीच्या तोंडाला बांबू बांधून आजारी शेजाऱ्याकडे दूधही पोहोचू न देणारेही पाहिले. या दोन्हींत फरक करता येणं म्हणजेच नीती, आणि ती संकटातच लागते.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बातमी आली तशी आमच्या पेठेत चुली पेटल्या. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण ती चार दिवस टिकते, कालवणाची वाट बघत नाही. भाकऱ्या चादरीत बांधून टेम्पोत चढवल्या. चादरीही तिकडेच ठेवायच्या होत्या, परत आणायच्या नव्हत्या. कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या माणसाला मिळणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

पटकथाकारांना माणूस माणसावर तुटून पडतो हे दाखवणं सोपं जातं, त्यात थरार आहे. पण मोठ्या आपत्तीत शेजारीच आधी धावून येतात, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं आहे.

माझी एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा त्या टेम्पोंबरोबर किल्लारीला गेलेल्यांनाही लिहायला सांगा. त्यातले बरेच जण आजही सोलापुरात आहेत, आणि मुलांनी त्यांना ऐकायला हवं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर