खडू घेऊन गच्चीवर आलेल्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही, हे ठाऊक आहे. पण जिन्याचं वीजबिल आणि गच्चीवरचं सोलर यांसाठी समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अक्का, चहा टाका" म्हणून विषय उडवता. म्हणून लिहूनच टाकते. आमच्यासारख्या आणखी चार बिल्डिंगवाल्यांनी वाचलं तर बरंच.

बेळगावच्या वडगावातली आमची बिल्डिंग म्हणजे 24 फ्लॅट. लिफ्ट नाही. निम्मी घरं विणकरांची, काही जण उद्यमबागेत फौंड्रीत, दोघेतिघे रिक्षावाले. मेंटेनन्स महिन्याला 400 रुपये, तोही दारोदार फिरून गोळा करायचा, आणि त्यातले जवळजवळ अर्धे जिन्याच्या दिव्यांत नि पाण्याच्या मोटरीत जायचे. दर मीटिंगला तोच प्रश्न, सरकार 200 युनिटपर्यंत वीज फुकट देतंय ना, मग हे बिल कसलं? ती गृहज्योती योजना आपापल्या घराच्या मीटरला आहे, जिन्याच्या मीटरला नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

सोलरला अनुदान मिळतं असं ऐकलं आणि 5 किलोवॅटचं तीन लाखांचं कोटेशन घेऊन मी तुमच्याकडे आले. वाटलं होतं, तुम्ही फॉर्म भरून द्याल. तुम्ही कोटेशनची घडी घालून खिशात टाकलीत आणि म्हणालात, "नोडूण्री. आधी मीटर बघू." मग पंधरा दिवस माझ्याकडून रीडिंग लिहून घेतलंत. सकाळी, रात्री, शिवाय मोटर चालू करायच्या आधी आणि बंद केल्यावर. खरं सांगते, मनातून मी वैतागले होते. अनुदान संपून जाईल आणि आम्ही आकडेच लिहीत बसू, असं वाटायचं.

पण त्या वहीतूनच निघालं की मोटर रोज चार तास चालते. एवढं पाणी आमच्या घरांना लागतच नव्हतं. तुम्ही टाकीभोवती एक फेरी मारलीत आणि मागचा नारळ दाखवलात. ओव्हरफ्लोचा पाइप थेट त्याच्या बुंध्यात! मोटर बंद करायची पाळी ज्याची, तो झोपलेला किंवा मालिका बघत बसलेला; इतकी वर्षं आम्ही तो नारळ हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलावर पोसत होतो. शिवाय खालचा व्हॉल्व्ह गळका, चढवलेलं पाणी परत हौदात. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा स्विच आणि नवा व्हॉल्व्ह, दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. चोकवाल्या 12 जुन्या ट्यूब काढून 20 वॅटच्या एलईडी लावल्या. महिन्याला साडेपाचशे युनिट होत होते, ते तीनशेवर आले. अजून सोलरचा पत्ता नव्हता!

मग तुम्ही खिशातलं कोटेशन काढलंत आणि 5 वर काट मारून 3 लिहिलंत. आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही, अनुदान मिळतंय तर मोठंच बसवू की, म्हणून. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे 3 किलोवॅट आपल्याला पुरे, हा हिशोब तुम्ही जिन्यात उभं राहून तीन वेळा सांगितलात. एजंटाने 78 हजार मिळतील म्हणून सांगितलं होतं. तो आकडा एका घराने स्वतःच्या छपरावर 3 किलोवॅट बसवलं तर. सोसायटीच्या सामायिक वापराला पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटला 18 हजार, म्हणजे आमचे 54 हजार. 24 हजारांची आशा तिथेच मावळली, पण ती खर्च करून बसल्यावर मावळली नाही, हे तुमच्यामुळे.

कागदांचं काय सांगू? मीटर अजून बिल्डरच्या नावावर, आणि बिल्डर कधीच गाव सोडून गेलेला. असोसिएशनची कागदपत्रं कन्नडमध्ये, ती आमच्यातल्या कुणी धड वाचलेली नव्हती. तुम्ही ओळ न् ओळ वाचून दाखवलीत. तुमची मराठी लंगडी, आमची कन्नड त्याहून, तरी दोन लंगड्या मिळून हेस्कॉमच्या ऑफिसात पोचल्या आणि मीटर असोसिएशनच्या नावावर झालं.

पैशाचा पेच मात्र तुमच्या हातचा नव्हता. अनुदान आधी मिळत नाही. सगळं बसवून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागल्यावर खात्यात येतं. एक लाख 80 हजार आधी उभे करायचे. घरटी 5,250 काढले, काहींनी तीन हप्त्यांत दिले. उरलेले 54 हजार बायकांच्या भिशीने उसने दिले. अनुदान आलं त्या दिवशी पहिला चेक भिशीचा फाडला.

गच्चीवरचं भांडण तर तुम्ही पाहिलंच आहे. पॅनेलला जवळजवळ 300 चौरस फूट लागणार म्हटल्यावर कुरडया-पापडवाल्या सगळ्या एक झाल्या. तुम्ही सकाळी नऊला, दुपारी आणि चारला गच्चीवर येऊन टाकीची सावली खडूने आखलीत आणि पॅनेल डोक्याच्या वर उंच बांधायला लावलीत. आता कुरडया, पापड खाली सावलीत वाळत नाहीत म्हणून पुढच्या मोकळ्या पट्ट्यात घालतो, आणि राखण करणारी सावलीत बसते. ही सोय कोटेशनमध्ये नव्हती.

"जुलैत फोन करून भांडू नका," असं बजावलं होतंत. बेळगावच्या झडीत आठ-आठ दिवस ऊन नसतं, बिल थोडं येणारच. आलं. मी फोन केला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी केला, त्याबद्दल माफी असावी.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. कुंदा दिला तर साखरेचं कारण सांगितलंत. तुमचा टेस्टर मात्र मीटरच्या खोलीतच राहिलाय. मी तो मुद्दाम पोचवत नाही. न्यायला या, आणि दुपारी न येता सहाच्या सुमारास या, म्हणजे रिक्षावालेही घरी असतात. त्यांना जिन्यात रात्री आपोआप मंद होणारे दिवे हवेत. मी सांगितलंय, आधी वही लिहा.

आपली,
असोसिएशनची सेक्रेटरी,
वडगाव, बेळगाव