गोकर्णाच्या शेंगा फेकू नका, आम्हाला द्या

सोलापूरकर मंडळी, नमस्कार.

तुमच्या कुंपणावर किंवा गॅलरीच्या जाळीवर निळी गोकर्ण असेल, तर तिच्या शेंगा आता वाळायला लागल्या असतील. त्या आम्हाला हव्या आहेत. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गायरानाच्या बांधांवर आणि ओढ्याकाठी उघड्या पडलेल्या मातीवर येत्या मृगाला गोकर्ण लावायची आहे.

गोकर्णच का, तर तिच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात, पसरलेला वेल माती झाकतो आणि पाला शेळ्या-गुरं आवडीने खातात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे ती चाऱ्यासाठी पेरतात. आपण महादेवाला फुलं वाहून मोकळे होतो! फूल एकदा जवळून बघा. वाटाण्या-घेवड्याच्या फुलाच्या मानाने ते उलटं असतं, त्यामुळे आत शिरलेल्या भुंग्याच्या पोटाला नाही, पाठीला पराग लागतात.

मधल्या मोकळ्या माळावर मात्र काहीही लावणार नाही. तिथं पवन्या आणि मारवेल गवत आहे, विष्णुक्रांतेची इवली निळी फुलं आहेत, काळविटं येतात. ‘माळ ओसाड पडलाय, झाडं लावा’ असं बरेच जण सुचवतात. पण १९७९ साली नान्नजला माळढोकासाठी, म्हणजे उघड्या गवताळ माळावर राहणाऱ्या पक्ष्यासाठी, अभयारण्य झालं ते अशाच गवतामुळे.

गेल्या मृगाला आम्ही बी तसंच टोचलं आणि फसलो. साल टणक, थोडंच उगवलं. ते रेतीवर घासून रात्रभर भिजवायला हवं होतं. जे उगवलं ते शेळ्यांनी बुडापर्यंत खाल्लं. शेळ्याही आमच्याच, बोलणार कुणाला? सतत चरलं तर हा वेल टिकत नाही. म्हणून यंदा पहिला पावसाळाभर राखणदार ठेवायचा आहे आणि बाभळीच्या काट्या लावून बांध बंद करायचे आहेत. पैसे लागणार आहेत ते राखणदाराच्या पगाराला आणि काट्या वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलला. जमेल तेवढे द्या, पावती मिळेल, हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल.

शेंगा तपकिरी झाल्या की लगेच तोडा. पूर्ण वाळल्या की तडकून बी उडतं. कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. बी पोटात गेलं तर जुलाब होतात, तेव्हा पोरांच्या हाती देऊ नका.

पाकिटं आणि देणगी दर रविवारी सकाळी आमच्या ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर स्वीकारतो. काट्या ओढायला येणार असाल तर जुनी चप्पल नको, बूट घालून या.

– गायरान समितीच्या वतीने