नॉर्थ केप राहू दे, सुध्या

पुणे,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो. तू मध्येच वहिनींना चहाची ऑर्डर सोडतोस आणि तेवढ्यात विषय तुझ्या बाजूने निकालात काढतोस. म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

जूनमध्ये सायकली घेऊन निघायचं, ठरलं. उत्तर युरोप, तेही ठरलं. अडलंय फक्त नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळच्या तुझ्या नॉर्थ केपपाशी. कड्यावरचा तो लोखंडी पृथ्वीगोल, खाली आपण दोघं, सायकली डोक्यावर उचललेल्या. फोटो झकास येईल, नाही म्हणत नाही. पण ऑस्लोपासून तिथवर सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ता आहे आणि आपल्याकडे आहेत चार-साडेचार आठवडे. म्हणजे रोज पासष्ट-सत्तर किलोमीटर, पाऊस असो, वारा असो, गुडघा दुखो. वर गेल्यावर दुकानं लांब लांब. आणि शेवटी मागेरोया बेटावर जायला समुद्राखालचा बोगदा, जवळजवळ ७ किलोमीटरचा. सगळ्यात खोल जागी तो समुद्रसपाटीच्या खाली २१२ मीटर आहे. सायकलला परवानगी आहे, पण आधी नऊ-दहा टक्क्यांचा उतार आणि मग तसाच चढ, आत गारठा, बाजूने टुरिस्ट बस. खंबाटकीच्या बोगद्यात तू ट्रकवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होतास, आठवतंय ना? तो बोगदा या मानाने किरकोळ.

माझं म्हणणं असं की एका टोकाला हात लावायला महिनाभर मान खाली घालून पेडल मारत राहण्यापेक्षा, आपल्या वयाला आणि स्वभावाला झेपेल असा रस्ता धरू. तो मी शोधलाय. बर्लिनहून निघायचं, रोस्टॉकला बोट पकडून डेन्मार्कमध्ये उतरायचं, कोपनहेगन, तिथून हेल्सिंगोर, पुन्हा बोटीने पलीकडे स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला, आणि मग समुद्राकडेने वर गोथेनबर्गपर्यंत. बर्लिन-कोपनहेगन हा आखलेला सायकलमार्गच आहे, साधारण साडेसहाशे किलोमीटरचा. हेल्सिंगबोर्ग-गोथेनबर्ग हा कॅटेगॅटलेडेन, सुमारे ३९० किलोमीटर, २०१५ मध्ये सुरू झालेला स्वीडनचा पहिला राष्ट्रीय सायकल-पर्यटन मार्ग. लाल पाट्या बघत जायचं, नकाशा खिशात राहिला तरी चालतं म्हणे. मधला कोपनहेगन-हेल्सिंगोर तुकडा पन्नासेक किलोमीटर. एकूण अकराशेच्या आसपास. रोज पन्नास-साठ केले तरी हातात दिवस उरतात.

आणि दिशा मुद्दाम दक्षिणेकडून उत्तरेकडे. त्या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे वर जाताना बराच वेळ पाठीवर किंवा बाजूने. घाट नसला म्हणून डेन्मार्क सोपं, असं समजू नकोस. सपाट मुलखात समोरचा वारा दिवसभर उतरत नाही आणि घाटासारखा माथाही येत नाही. गोथेनबर्गनंतर बोटीने फ्रेडरिक्सहावन आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवर स्कागेन, डेन्मार्कचं उत्तर टोक. दोन समुद्रांच्या लाटा तिथे एकमेकींवर येऊन आदळतात आणि त्या रेतीच्या जिभेवर उभं राहता येतं. टोकच हवं असेल तर हे घे. तिथून खाली पश्चिम किनाऱ्याने जायचा मोह होईल, पण तो पूर्ण उलट्या वाऱ्याचा रस्ता, म्हणून तिथे थांबायचं आणि रेल्वेने कोपनहेगन गाठायचं. डॅनिश इंटरसिटी गाड्यांत सायकलचं तिकीट वेगळं आणि जागाही आधी राखून ठेवावी लागते, ते माझ्याकडे लागलं.

पण हा रस्ता निवडण्याचं खरं कारण यातलं काहीच नाही. खरं कारण तू आहेस.

स्वीडनच्या किनाऱ्यावर वारबर्ग नावाचं गाव आहे, आपल्या वाटेवरच. तिथून आत दहाएक किलोमीटरवर ग्रिमेटॉन. साधं खेडं, भोवती गुरांची कुरणं, आणि त्यात एका ओळीत १२७ मीटर उंचीचे सहा पोलादी मनोरे. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या तारा कापल्या गेल्या, तेव्हा स्वीडनने धडा घेतला आणि अमेरिकेशी थेट बिनतारी संपर्कासाठी १९२२ ते १९२४ या काळात हे केंद्र उभारलं. आत आहे अलेक्झांडरसनचं यंत्र. अलेक्झांडरसन मूळचा स्वीडिश, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. सुध्या, या ट्रान्समीटरमध्ये जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह नाहीत, काही नाही. एक भलंमोठं पोलादी चाक इतक्या वेगाने फिरवायचं की त्यातूनच १७.२ किलोहर्ट्झचा प्रवाह निघतो, आणि तोच सरळ अँटेनावर. लांबी काढून बघ, एकेक लहर सतरा किलोमीटरच्या वर! या जातीचं चालू स्थितीतलं जगात हे एकच यंत्र उरलंय. २००४ पासून जागतिक वारसा. आणि दरवर्षी २ जुलैच्या आसपासच्या रविवारी ते सुरू करतात आणि मोर्समध्ये संदेश पाठवतात. कॉलसाइन, म्हणजे केंद्राची रेडिओवरची ओळख, एसएक्यू.

तू तारखात्यात लागलास तेव्हा तुझ्या टेबलावरची, तार पाठवायची ती पितळी ‘की’ मी बघितलीय. दौंड आणि खडकीच्या १९२७च्या बीम वायरलेस या बिनतारी सेवेबद्दल मला तूच सांगितलंस, तेही बिल कोण देणार या वादाच्या मध्यावर. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली त्या आठवड्यात तू कुणाशी धड बोलत नव्हतास. आता मला सांग, नॉर्थ केपच्या त्या गोळ्याखाली तुझं काय आहे? इथे यंत्र घरघरायला लागेल, भोवतीचे लोक माहितीपत्रक वाचत बसतील आणि तू कानाने संदेश उतरवून घेशील. मला शेजारी उभं राहून ते बघायचंय. बस.

तारखा ग्रिमेटॉनच्या त्या रविवारावरून उलट्या मोजल्यात. बर्लिनहून १० जूनच्या सुमारास निघायचं. सुरुवातीचे दिवस हावेल नदी, कालवे आणि तळी यांच्या कडेने. ओरानिएनबुर्गला झाक्सेनहाउझेन आणि पुढे फ्युर्स्टेनबर्गला राव्हेन्सब्रुक, हिटलरच्या काळातल्या दोन छळछावण्यांची स्मारकं वाटेतच आहेत. राव्हेन्सब्रुक बायकांची होती. तिथे सायकल टेकवून आत जायचं, हे मी धरून चाललोय. घाईत उरकायचं ठिकाण नाही ते, त्या दिवशी अंतर कमी ठेवू. मग म्युरिट्झचं राष्ट्रीय उद्यान, जंगलात काही ठिकाणी रस्ता रेतीचा, तेव्हा तुझे ते अंगठ्याएवढे बारीक टायर बदल. निदान ३८ मिलिमीटरचे टाक. रोस्टॉक ते गेडसर बोट सुमारे दोन तास.

डेन्मार्कमध्ये मला स्टेव्हन्सच्या कड्यासाठी थांबायचंय. खडूच्या पांढऱ्या कड्यात एक बोटभर काळपट पट्टी दिसते, डायनासोर संपले त्या काळाची. वर होयेरुपचं जुनं चर्च आहे, त्याचा पुढचा भाग १९२८ मध्ये समुद्रात कोसळला, उरलेलं अजून कड्यावर उभं. त्याआधी स्टुबेकोबिंगहून बोगो बेटावर जाणारी ‘इडा’ नावाची छोटी फेरी आहे, उन्हाळ्यातच चालते. दाभोळ-धोपावे फेरीत तू ज्या उत्साहाने इंजिन बघायला खाली गेला होतास, तो तिथे जरा आवर. २३ जूनच्या संध्याकाळी डॅनिश लोक किनाऱ्यावर होळ्या पेटवतात, सांक्ट हान्स म्हणतात त्याला. तोपर्यंत कोपनहेगनच्या पुढे असलो तर बघायला मिळेल. सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तंबू अंधारात ठोकण्याची भीती नाही. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी मात्र आण.

कोपनहेगनच्या शिस्तीबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. चौकात डावीकडे वळायचं असेल तर थेट वळायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, मग वळायचं. थांबताना हात वर. गाड्या उजव्या बाजूने. लक्ष्मी रोडची तुझी नागमोडी तिथे दाखवलीस तर मागची आजीसुद्धा घंटी वाजवून झापेल.

मुक्कामाचं जरा किचकट आहे. जर्मनीत वाटेल तिथे तंबू चालत नाही, कॅम्पिंगच्या जागा घ्यायच्या. डेन्मार्कमध्येही तसा मोकळा हक्क नाही, पण लाकडी शेल्टर जागोजागी आहेत, तीन भिंती आणि छप्पर, आणि काही सरकारी जंगलांत एका रात्रीपुरता तंबू चालतो. स्वीडनमध्ये अलेमान्सरेट, म्हणजे दुसऱ्याच्या रानातही कुणाच्या घरापासून लांब, शेत न तुडवता एखादी रात्र राहता येतं. पण आपला किनारा वस्तीचा आणि राखीव क्षेत्रांचा आहे, तिथे नियम वेगळे. तीन रात्री बाहेर, चौथी रात्र गरम पाण्याची, असं धरलंय.

यावरून व्हिसाची गंमत. शेंगेनच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम आणि मुक्कामाचे पुरावे लागतात, आणि सायकलवाल्याला तर आज कुठे झोपणार हे दुपारी चारला कळतं. मी रद्द करता येतील असे मुक्काम आरक्षित करून ठेवतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. स्कागेन धरून डेन्मार्कच्या रात्री जास्त भरतात, तेव्हा अर्ज डेन्मार्कचा. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे डिसेंबरचा दुसरा आठवडा. पासपोर्टची मुदत आजच्या आज बघ, उद्या नको.

खाण्याचं मी ठरवलंय. कोपनहेगनमध्ये साधी कॉफी चाळीस-पंचेचाळीस क्रोनरला पडते, रोज बाहेर बसलो तर घर विकावं लागेल. सकाळी ओट्स किंवा दडपे पोहे (विस्तव नको, भांडं एकच), दुपारी राईचा काळा पाव आणि चीज, रात्री भात-मसूर. गोडा मसाला आणि मेतकूट माझ्याकडून. तूप आणि पेढे मात्र वहिनींना देऊ देऊ नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. आंबाही नाही. नारळ चालतो, म्हणजे फोडायला तुला काहीतरी मिळेल! गॅसचा डबा विमानात चालत नाही, स्टोव्ह तिथेच घेऊ, स्वीडिश ट्रँगिया, स्पिरिटवर चालणारा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

सायकल खोक्यात भरायची तालीम इथे एकदा करू. पेडल काढायची (डावीकडचं उलट फिरतं, मागच्या वेळी तू त्यावर लटकला होतास), हँडल आडवं करायचं, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून आत बांधायचा, टायरची हवा थोडी कमी. पुठ्ठ्याचं खोकं बर्लिनमध्ये टाकून देऊ, परतीचं कोपनहेगनच्या एखाद्या सायकल दुकानातून मागू. फेब्रुवारीत सामान लादून दिघीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत जाऊ. कोकणातले चढ पॅनिअर, म्हणजे सायकलच्या पिशव्या, भरून चढलास तर स्वीडन तुला काही करणार नाही.

वहिनींना हे पत्र वाचायला दे, त्यांचं मत माझ्या बाजूने पडेल अशी खात्री आहे. आणि एवढं वाचूनही नॉर्थ केपच म्हणणार असशील तर तसं सरळ कळव, पण मग तो बोगदा तू आधी आणि मी मागून. शनिवारपर्यंत उत्तर दे, बर्लिनची तिकिटं अजून परवडणारी आहेत.

तुझा,
नंदू

ता. क. एसएक्यूचे संदेश साध्या कॉम्प्युटरच्या साउंड कार्डला लांब वायर जोडूनही पकडता येतात म्हणे. ते २४ डिसेंबरलाही सकाळी प्रसारण करतात. सोलापुरात तुझ्या गच्चीवर काही ऐकू येतं का, करून बघ.