क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : पहिल्याच कोपराला लाल कार्ड काढू द्या

माननीय क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी हौशी फुटबॉल सामन्यांचा पंच आहे. हे पत्र माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल आहे.

फायनल होती. कॉर्नर किकच्या वेळी बॉक्समध्ये जर्सीची ओढाओढी चाललेली. चेंडू अजून लांब होता, तेवढ्यात एका बचावपटूने कोपर मागे फिरवले आणि ते स्ट्रायकरच्या गालफडावर बसले. मी सहा पावलांवर होतो, सगळे स्वच्छ दिसले. हात लाल कार्डाकडे गेलाही. पण सामन्याआधी आयोजकांनी बजावले होते, ‘फायनल आहे, कोणाला बाहेर काढू नका.’ मी पिवळे दाखवले, म्हणजे नुसती ताकीद दिली. वीस मिनिटांत त्याच बचावपटूच्या गुडघ्यावर बूट पडला आणि दोन्ही संघ एकमेकांवर धावून गेले. मी लाल कार्ड दाखवले असते तर तो तेव्हा मैदानात नसता आणि त्याचा गुडघा शाबूत राहिला असता.

नियम पुरेसे स्पष्ट आहेत. चेंडूसाठी झुंज नसताना कोणी प्रतिस्पर्ध्यावर अवाजवी बळ वापरले, नुसता तसा प्रयत्न केला, तरी फुटबॉलचा नियम 12 लाल कार्ड सांगतो. फटका चुकला, ही सबब तिथे चालत नाही. अडते ते अंमलात. 2006 च्या विश्वचषक फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोके मारले, ते मुख्य पंच एलिझोंडो यांना दिसले नव्हते. मैदानाबाहेर असलेल्या चौथ्या पंचाने सांगितले आणि 110 व्या मिनिटाला झिदान बाहेर गेला. आमच्या सामन्यांत चौथा पंच नसतोच, लाइन्समनही (रेषेवरचे सहायक पंच) बऱ्याचदा खेळणाऱ्या संघांनीच दिलेले असतात. आपल्याच माणसाचे नाव ते कसे सांगतील?

क्रिकेटने 2017 च्या नियमावलीत एक चांगली गोष्ट केली. खेळाडूने मारहाण केली तर अंपायर त्याला उरलेल्या सामन्यासाठी बाहेर पाठवायला कप्तानाला सांगतात, प्रतिस्पर्ध्याला पाच धावा मिळतात. कप्तानाने ऐकले नाही तर सामनाच समोरच्या संघाला बहाल होतो. पुढे काय होणार हे आधीच ठरलेले असल्याने अंपायरला कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

आपल्या खात्याच्या अनुदानावर होणाऱ्या स्पर्धांना एवढी अट घाला : हिंसेबद्दल दिलेले लाल कार्ड आयोजकांना फिरवता येणार नाही, पंचाचा अहवाल थेट शिस्तपालन समितीकडे जाईल आणि किमान बंदी आधीच जाहीर असेल. लाइन्समन तटस्थ हवेत. प्रशिक्षणही द्या. हाणामारी पेटली की नवखा पंच सोडवायला मध्ये घुसतो, मार खातो आणि कोणी काय केले ते त्याला दिसतच नाही. शिट्टी वाजवून बाजूला व्हायचे, जर्सीचे नंबर टिपायचे, हे त्याला कोणीतरी शिकवले पाहिजे.

आणि पंचावर हात उगारला तर सामना तिथेच थांबावा, पोलिसांत तक्रार आयोजकांनी करावी. 2012 च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये एका स्वयंसेवक लाइन्समनला किशोरवयीन खेळाडूंनी मारले. दुसऱ्या दिवशी तो गेला. ती मुलांची मॅच होती, साहेब.

माझ्या त्या फायनलचा अहवाल मी जपून ठेवला आहे. कोपराच्या नोंदीपुढे माझ्याच अक्षरात ‘पिवळे’ लिहिले आहे. आपण मागवलात तर पाठवतो.

आपला,
एक फुटबॉल पंच