काजव्यांचे पुस्तक आणि नोंदवहीतील एक शेरा

आदरणीय ग्रंथपाल महोदय,

सादर प्रणाम.

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाची विज्ञानाची पुस्तके आमच्या वाडीवरच्या शाळेत येऊ लागल्यापासून हा दुसरा पावसाळा. प्रत्यक्ष भेटीत आभार मानू लागलो की आपण चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पूर्वी मी ज्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, तेथे पुस्तकांनी भरलेले काचेचे कपाट होते आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असे. मुले पुस्तके मळवतील, या एकाच धास्तीपायी ती फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी बाहेर निघत आणि फडक्याने झटकून पुन्हा आत जात. त्याच शाळेला एका दात्या संस्थेने विज्ञानपेटी दिली. फलक धरून छायाचित्रे निघाली, पण माझी बदली झाली त्या दिवशीही त्यातल्या परीक्षानळ्यांवरचे कागदी वेष्टन शाबूत होते. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम पुस्तके वापरण्यासाठी असतात असा आहे. तो भिंतीवर लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिला. पाळलेला पाहिला तो आपल्याकडे.

एका शाळेला चाळीस पुस्तके एकदम देण्यासाठी कार्यकारी मंडळाला आपण कसे राजी केलेत, ते आपणच जाणे. मला सांगायचे आहे ते चिठ्ठ्यांविषयी. मुलांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि आपण पुढच्या गठ्ठ्यात नेमक्या पानात ती चिठ्ठी खोचून पाठवावी, ही रीत आपलीच. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा झाडांवर काजवे होते, आणि सहावीतल्या एका मुलीने लिहिले, ‘काजवा हातात धरला तर भाजत का नाही?’ इतकी वर्षे विज्ञान शिकवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आठवड्याने कीटकांवरचे पुस्तक आले. त्यातल्या चिठ्ठीवर तिच्या प्रश्नाखाली आपल्या अक्षरात लिहिले होते, ‘मलाही ठाऊक नव्हते. हे पान वाच, मग मला समजावून सांग.’ सोबत मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचा एक जुना अंकही होता. काजव्याच्या पोटातल्या ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन प्रकाश पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ निर्माण होतच नाही, हे तिने वर्गाला सांगितले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.

तेच पुस्तक साकवावरून घरी जाताना तिच्या हातून पऱ्यात पडले. तिच्या आईने ते चुलीच्या उबेला वाळवले, पण पाने फुगली, एका कोपऱ्याला धुराचा पिवळा डाग पडला. दोन दिवस ती मुलगी शाळेतच आली नाही. शेवटी दंडाचे पैसे रुमालाच्या गाठीत बांधून ती माझ्याबरोबर तालुक्याला आली. आपण पुस्तक हातात घेतलेत, पाने बोटांनी सोडवलीत आणि तिच्यादेखत नोंदवहीत शेरा लिहिलात, ‘भिजले, परंतु वाचून झाले आहे. चालू ठेवावे.’ मग गाठ न सोडताच रुमाल तिला परत केलात आणि विचारलेत, ‘आता सांग, का भाजत नाही?’

ती पंधरा मिनिटे बोलत होती. काउंटरपाशी वर्तमानपत्र वाचणारे दोन गृहस्थही ऐकू लागले. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा एक माणूस, मागे पंधरा जणांची कामे खोळंबलेली असताना, एका अकरा वर्षांच्या मुलीचे म्हणणे खुर्ची पुढे ओढून ऐकतो, हे मी मोठमोठ्या कार्यालयांत पाहिलेले नाही. तेथे माणसे वाईट असतात असे नव्हे. पण समोरच्याकडे मान वर करून पाहण्याचे साधे सौजन्य कुठेतरी हरवलेले असते, आणि ते आपल्याकडे इतक्या सहज आढळले की परतीच्या एसटीत मला बराच वेळ बोलता आले नाही.

येत्या शनिवारी गठ्ठा बदलण्यासाठी येत आहे. सोबत ती मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ असेल. त्याला ते भिजलेलेच पुस्तक हवे आहे, नवी प्रत नको, असे त्याने बजावून सांगितले आहे. तेव्हा कृपया ते बांधणीला पाठवू नये.

आपला नम्र,
वाडीच्या शाळेतील एक विज्ञानशिक्षक